जग भासच असेल तर?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, हा युनियनचा माणूस. किमान वेतन, कंत्राटी कामगार किंवा भविष्यनिर्वाह निधी यांपैकी एखादा विषय घेईल. मी विषयाचे नाव कळविले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि एसटीच्या प्रवासात. तत्त्वज्ञानाच्या घरात मी पाहुणा आहे. परंतु हा प्रश्न माझ्याकडे आपण होऊन चालत आला, आणि ज्याने तो आणला त्याला उत्तर देणे मला भाग होते.

झाले ते असे. आमच्या भागातील एका साखर कारखान्याच्या कामगारांचे पगार कित्येक महिने थकले होते. गेटसमोर मांडव घालून आम्ही धरणे धरले होते. थंडीचे दिवस. रात्री शेकोटीभोवती बसलो असता मिलवर काम करणारा पंचविशीतला एक पोरगा मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, “अण्णा, ह्ये बघा. मोठमोठे शास्त्रज्ञ म्हनत्यात, समदं जग म्हंजे कॉम्प्युटरमधला खेळ हाय. आपुन बी त्यातलेच. मग हितं थंडीत कुडकुडत बसून काय उपेग?” मंडळी हसली. तो मात्र हसत नव्हता. त्याच्या शेजारी बसलेले एक वयस्क टाळकरी मान हलवून म्हणाले, “आमी तरी दुसरं काय सांगतोय लेका? समदी माया हाय.” आणि दोनच दिवसांनी व्यवस्थापनाच्या बाजूने बोलणी करायला आलेले एक गृहस्थ हसतहसत मला म्हणाले, “पैसा ही माया आहे हो, तिच्यामागे किती धावायचे?” त्यांचा स्वतःचा पगार थकलेला नव्हता.

श्रोतेहो, एकच वाक्य तीन तोंडांतून आले. पोराच्या तोंडी ती निराशा होती, टाळकऱ्याच्या तोंडी ती समजूत होती आणि साहेबांच्या तोंडी ती सबब होती. हे तीन अर्थ वेगळे करणे, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम पोराच्या मोबाईलमधील गोष्ट घेऊ. तिचे मूळ निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाच्या एका निबंधात आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात असताना, २००३ साली, ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकात त्याने तो प्रसिद्ध केला. आपल्याकडे विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्माण केल्याची कथा आहे. तोच शब्द आपण येथे वापरू. बॉस्ट्रॉम म्हणतो, संगणकाची शक्ती वाढत चालली आहे. हजारो वर्षांनंतर आपले वंशज असे संगणक बनवू शकतील की, ज्यात आपल्या पूर्वजांचे सबंध जग, त्यातील माणसांच्या मनांसकट, चालविता येईल. असे झाले तर ते एकच प्रतिसृष्टी चालवून थांबणार नाहीत, हजारो चालवतील. म्हणजे खऱ्या जगातील मनांपेक्षा प्रतिसृष्टीतील मनांची संख्या कितीतरी अधिक होईल. मग आपण कोठले, असा प्रश्न येतो.

हा हिशेब नोटांवरून लवकर ध्यानात येतो. समजा, बाजारात एका खऱ्या नोटेमागे हजार बनावट नोटा फिरत आहेत, आणि डोळ्यांनी वा हाताने त्यांतला फरक मुळीच कळत नाही. अशा वेळी आपल्या खिशातील नोट खरी असण्याचा संभव किती? तेच येथे आहे. परंतु बॉस्ट्रॉमने आपण निश्चितपणे प्रतिसृष्टीतच आहोत असे म्हटलेले नाही, आणि मोबाईलवर गाळली जाते ती नेमकी हीच गोष्ट. तो तीन पर्याय ठेवतो: एक तर तेवढी शक्ती हाती येण्याआधीच मानवजातींसारख्या जाती नाश पावत असाव्यात, किंवा शक्ती आली तरी असला उद्योग करण्याची इच्छा जवळजवळ कोणाला राहत नसावी, किंवा आपण जवळजवळ नक्कीच प्रतिसृष्टीत आहोत. तिन्हींपैकी एक तरी खरे असले पाहिजे, एवढेच त्याचे प्रतिपादन. पुढे २०१६ साली इलॉन मस्क या अमेरिकेतील बड्या उद्योगपतीने एका जाहीर मुलाखतीत, आपले जग मूळचे खरे जग असण्याचा संभव अब्जांत एक आहे, असे सांगून टाकले, आणि ही कल्पना घरोघर गेली.

या हिशेबाच्या तळाशी एक गृहीत आहे आणि ते बॉस्ट्रॉमने लपविलेले नाही. ते असे की, मन हे मेंदूच्या मांसातच उपजते असे नसून योग्य मांडणी जमली तर संगणकातही उपजू शकेल. हे कोणी सिद्ध केलेले नाही. हवामान खाते पावसाचा अंदाज बांधते तो संगणकात वातावरणाची नक्कल चालवूनच. त्या नकलेत धो धो पाऊस पडतो, पण त्याने कोणाची तूर भिजत नाही. मग संगणकातल्या नकलेतील दुःख कोणाला दुखत असेल काय? मेंदूत अमुक हालचाल होते हे यंत्राने दाखविता येते. पण त्या हालचालीबरोबर ‘मला दुखते आहे’ ही जाणीव का असावी, हे उलगडत नाही. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने १९९५ साली या कोड्याला जाणिवेचा ‘कठीण प्रश्न’ असे नाव दिले. तो अजून कठीणच आहे.

आता पोराच्या बोलण्यात एक गफलत होती ती पाहू. ‘आपण खेळातले’ याचे दोन अर्थ होतात. बुद्धिबळात प्याद्याला स्वतःचे बाहेर काही नसते. पट आवरला की प्यादे संपले. खेळणारा मात्र पटाच्या बाहेर बसलेला असतो. बॉस्ट्रॉमच्या हिशेबात आपण प्यादी आहोत. आपली जाणीवदेखील यंत्रातच तयार झालेली. याउलट १९९९ सालच्या ‘द मॅट्रिक्स’ या चित्रपटात माणसे बाहेर कोठेतरी निजलेली असतात आणि त्यांना खोट्या जगाचे स्वप्न दाखविले जाते. तेथे जाणीव खेळाच्या बाहेरची आहे. या दुसऱ्या वाटेवर फार पूर्वी देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ चालून गेला. १६४१ सालच्या आपल्या चिंतनग्रंथात त्याने कल्पना केली की, एखादा कपटी आणि बलाढ्य राक्षस मला आकाश, जमीन, माझे हातपाय, सारे काही खोटेच दाखवीत असेल तर? त्याला आढळले की, प्रत्येक गोष्टीविषयी शंका घेता येते. परंतु शंका घेणारा कोणी आहे, याविषयी घेता येत नाही. ‘जाणीव या जगापलीकडची आहे’ असे म्हणणारे लोक बहुधा येथूनच निघतात. पण देकार्तने जाणिवेचे अस्तित्व दाखविले. ती जगाच्या बाहेर राहते हे त्याने या एका पायरीवर दाखविलेले नाही. दिव्याचा उजेड निश्चित आहे म्हणून तो दिव्याशिवाय राहतो असे ठरत नाही.

माझ्यासारख्या कारखान्यात वावरणाऱ्या माणसाला येथे एक साधी शंका येते. यंत्र म्हटले की त्याला वीज लागते, जागा लागते, देखभाल करणारे हात लागतात. प्रतिसृष्टी चालविणारा तो संगणक कोठे ठेवलेला आहे? कोठेतरी ठेवलेला असणारच. म्हणजे खरे जग नाहीसे झाले नाही. ते एक मजला वर सरकले, इतकेच. खोट्यालाही उभे राहण्यास खरी जमीन लागते. आपल्या वेदान्त्यांनी दोरी आणि साप यांचा दृष्टान्त दिला तो याचसाठी. अंधारात दोरीवर साप भासतो; पण दोरीच नसेल तर भासणार कशावर?

टाळकऱ्याच्या ‘माया’ शब्दाकडे आपण आता आलो. हा शब्द आपल्याकडे इतका वापरला गेला आहे की त्याची धार गेली. योगवासिष्ठात लवण राजाची कथा आहे. राजा दरबारात बसला असता एक जादूगार येऊन मोरपिसांचा कुंचा फिरवतो. राजा क्षणभर निश्चल होतो. तेवढ्या क्षणात तो एका घोड्यावरून दूर रानात जातो, भुकेने व्याकूळ होतो, एका चांडाळ मुलीच्या हातचे अन्न खाऊन तिच्याशी लग्न करतो, कित्येक वर्षे संसार करतो, मुले होतात. मग दुष्काळ पडतो. धाकटा मुलगा भुकेने खायला मागतो, आणि बापाजवळ स्वतःच्या मांसाखेरीज द्यायला काही उरत नाही. तो चिता रचून तीत पाऊल टाकतो, तोच दरबारात डोळे उघडतो. सगळे एका क्षणाचे स्वप्न! परंतु कथा तेथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी राजा विंध्याच्या रानात जाऊन शोध घेतो, तर ते गाव तेथे खरेच असते, दुष्काळाने जळालेले. आणि त्याची ती सासू मेलेल्या मुलीजावयासाठी, नातवंडांसाठी रडत बसलेली असते.

ही कथा मी एकदा आईला वाचून दाखविली. १९७२ च्या दुष्काळात माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर आमचे घर निभावले. मी तेव्हा तिच्या कडेवर होतो. पोथीला त्या भेटीतून मनाची अगाध करामत सांगावयाची आहे, हे मी तिला समजावू लागलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग त्या म्हातारीला कुनी खायला दिलं का?” तिच्या त्या प्रश्नाहून मोठे भाष्य मला आजवर वाचावयास मिळालेले नाही.

शंकराचार्यांच्या नावावर ‘जग मिथ्या’ एवढेच खपवले जाते. पण त्यांच्या मांडणीत पायऱ्या आहेत. दोरीवरचा साप ही एक पायरी, प्रातिभासिक; जागेपणीचे जग ही दुसरी, व्यावहारिक; आणि ब्रह्म ही तिसरी, पारमार्थिक. वरच्या पायरीचे ज्ञान झाले नाही तोपर्यंत खालची पायरी मोडत नाही. इतकेच नव्हे, तर ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात त्यांनी विज्ञानवादी बौद्धांचे खंडन केले आहे. बाहेर पदार्थ नाहीतच, जागेपणीचे ज्ञान हे स्वप्नासारखेच आहे, हे मत त्यांना मान्य नाही. कारण स्वप्न जागे होताच खोटे ठरते, जागेपणी पाहिलेला खांब तसा खोटा ठरत नाही. अर्थात ज्यांच्या नावाने कामगाराचा पगार माया ठरवावयाचा, त्या आचार्यांनीही व्यवहारातले देणे बुडवण्याची मुभा दिलेली नाही. साहेबांची सबब येथेच निकालात निघाली.

मराठीत या प्रश्नाचा विचार संस्कृताची उसनवारी करून थांबला नाही. आपल्या कळंबच्या पलीकडे अंबाजोगाई. तेथील मुकुंदराजाने शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहून वेदान्त मराठीत आणला असे परंपरा मानते. त्यानंतर शतकभराने ज्ञानेश्वरांनी ‘अनुभवामृत’, म्हणजे आपण ज्याला ‘अमृतानुभव’ म्हणतो, तो ग्रंथ रचला. दहा प्रकरणांच्या या ग्रंथातील सर्वांत मोठा भाग अज्ञानाच्या खंडनाला दिलेला आहे. जग अज्ञानातून उपजले असे म्हणणाऱ्यांना ज्ञानेश्वर थोडक्यात असे विचारतात: हे अज्ञान राहते कोठे? ज्ञानात राहते म्हणाल, तर सूर्यात अंधार राहतो म्हणण्यासारखे झाले. ज्ञानाबाहेर राहते म्हणाल, तर ते आहे हे कळले कोणाला? तेव्हा जग हे चैतन्यावर पडलेले खोटे आवरण नव्हे. ते चैतन्याचेच प्रकट होणे आहे. यालाच अभ्यासक ‘चिद्विलास’ म्हणतात. ज्ञानेश्वर मायावादापासून नेमके किती दूर गेले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि त्यांचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण सोन्याचा दागिना झाला म्हणून सोन्याचे काही बिघडत नाही, आणि दागिना सोन्याचा आहे हे कळले म्हणून दागिना खोटा ठरत नाही, एवढे माझ्यासारख्यालाही त्यातून उमगते. या विचारात चैतन्य जगाच्या पलीकडे, दुसऱ्या खोलीत बसलेले नाही. दागिन्याच्या पलीकडे सोने शोधावयास कोणी जात नाही.

आश्चर्य असे की, आजचे संशोधक फिरूनफिरून याच जागी येतात. वर सांगितलेल्या चाल्मर्सने २०२२ साली या विषयावर एक सबंध ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, आपण प्रतिसृष्टीत आहोत हे उद्या सिद्ध झाले, तरी टेबल हे टेबलच राहील. ते कशाचे बनले आहे याविषयीची आपली समजूत तेवढी बदलेल.

कशाचे बनले आहे, हा कुंभाराचा प्रश्न आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो विचारण्याचे ठिकाण ठरलेलेच आहे. तेर! तेरणाकाठचे हे गाव म्हणजे जुने तगर. त्याचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक व्यापाऱ्यांच्या प्रवासवर्णनातही आले, आणि तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात त्या काळची मातीची भांडी आणि बाहुल्या आजही पाहावयास मिळतात. त्या तेरचे गोरोबाकाका. १३१७ मध्ये, चैत्रात, त्यांनी समाधी घेतली असे मानतात. चैत्रातच तेथे यात्रा भरते. थापटण्याने मडके वाजवून पाहावे तशी त्यांनी संतांची डोकी पारखली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. आपणही त्याच थापटण्याने आपला विचार वाजवून पाहू. आणि त्यासाठी गोरोबांचीच दुसरी कथा घेऊ.

गोरोबा चिखल तुडवीत होते. मुखी विठ्ठलाचे नाम, डोळे मिटलेले, देहाचे भान हरपलेले. पत्नी पाण्याला गेलेली. रांगते मूल बापाकडे आले आणि चिखलात पायाखाली तुडवले गेले. बापाला कळले नाही.

भक्तीचा महिमा म्हणून ही कथा सांगतात, आणि सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण या कथेची एक बाजू आपण सहसा न्याहाळीत नाही. लोकमानसाने ती कथा तेथे संपू दिली नाही. ‘देह तर मातीचा, मूलही मातीचे, मातीत माती मिळाली’ असे म्हणून सोडून देणे सोपे होते. परंतु कथेत आई आक्रोश करते. पुढे कथा पंढरपुरापर्यंत जाते, नामदेवांच्या कीर्तनात येते, आणि शेवटी देवाला ते मूल रांगत परत आणून द्यावे लागते. ज्या परंपरेने घडा म्हणजे माती हे शिकविले, तिलाच पायाखाली गेलेल्या मुलाची भरपाई केल्याशिवाय चैन पडले नाही. माझ्या मते पक्के मडके वाजते ते येथे.

असा प्रसंग आपल्या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिलेला आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली, आणि लातूर व आपला जिल्हा मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. मी विशीत होतो. दुसऱ्या दिवशी सास्तूरला पोहोचलो आणि चार दिवस हातांनी दगड उपसले. हा भूकंप जग खरे असल्याचा पुरावा आहे, असे मी म्हणणार नाही. प्रतिसृष्टीतले दगडही प्रतिसृष्टीतल्या डोक्यावर पडतीलच. वादाच्या दृष्टीने भूकंपाने काहीच ठरत नाही. परंतु मला तेथे ‘कशाचे बनले आहे’ या प्रश्नाचे दोन प्रकार दिसले. माळवदाची घरे, जाडजूड भिंती. आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये माती, आणि दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड नाहीत. वर मातीच्या माळवदाचे ओझे. माणसे मेली ती यामुळे. भिंत कशाची बनली आहे, हे ज्ञान आधी असते तर जीव वाचले असते. आणि ते नंतर झाले म्हणून पुढची घरे वेगळी बांधली गेली. जग कशाचे बनले आहे, अणूचे, चैतन्याचे की संगणकातील आकड्यांचे, हाही थोर प्रश्न आहे. तो विचारणे माणसाला शोभते. मात्र त्याच्या उत्तराने ढिगाऱ्याखालच्या हाकेला ओ देण्याचे काम एका मिनिटानेही पुढे ढकलता येत नाही.

आणि जाणीव खरोखरच जगापलीकडची असेल, तर? तर ती माझ्या एकट्यात असणार नाही. ती शेजारच्यातही असणार, रांगत्या मुलातही असणार. मग त्याचे दुःख कमी खरे कसे ठरेल? उलट, जग सोडून एकच गोष्ट निश्चित खरी मानावयाची असेल, तर ती जाणणारा जीव आहे. आणि भूक ही त्या जिवालाच लागते. एवढे मानले की ‘सर्व माया’ म्हणणाऱ्याची जबाबदारी वाढते. ती कमी होत नाही.

त्या रात्री शेकोटीपाशी मला हे सगळे सुचले नव्हते. मी पोराला इतकेच म्हणालो, “बाबा, समज हा खेळ आहे. पण ह्या खेळात तुझ्या आईला औषध लागतं ना? ते ह्याच खेळातल्या दुकानात मिळतं, आणि ह्याच खेळातल्या पगारातून येतं. मग डाव अर्धा सोडून उठायचं कशाला?” तो काही बोलला नाही, शेकोटीत एक लाकूड सारून बसून राहिला. थकलेला पगार पुढे दोन हप्त्यांत मिळाला. थोडा अजून येणे आहे. परवा तो पोरगा भेटला तेव्हा विचारीत होता, “अण्णा, त्यो संगणक चालवनारा वर कुनी असंल, तर त्याची बी युनियन असंल का वो?” मी म्हटले, नसेल तर काढावी लागेल.